नंबर गेला, चाळिशी आली

लेसरनं चष्म्याचा नंबर घालवलेली माणसं आता घरोघरी भेटतात. काम काही मिनिटांचं, आणि दुसऱ्या दिवशी उशीवर पडल्या-पडल्या भिंतीवरचं घड्याळ दिसतं. पण चाळिशीला टेकलेल्यांची एक तक्रार ठरलेली असते: "लांबचं लख्ख दिसतं हो, पण सुईत दोरा जाईना!" लेसरनं काहीतरी बिघडवलं, असं त्यांना वाटतं. सहसा तसं नसतं.

डोळ्यात किरणांना वळवणाऱ्या दोन वस्तू आहेत. पुढे घड्याळाच्या काचेसारखा फुगीर कॉर्निया आणि आत एक लवचीक भिंग. जवळचं पाहायचं झालं, की भोवतीचा स्नायू आवळतो आणि भिंग फुगतं. लेसर कॉर्नियाचा मधला भाग जरासा चपटा करतो, आतल्या भिंगाला शिवतही नाही. ते भिंग वयानुसार ताठर होतच असतं. वाचायच्या चष्म्यालाच 'चाळिशी' म्हणणाऱ्या आपल्या पूर्वजांचा हिशेब चोख होता!

आता गंमत बघा. लांबचं न दिसणाऱ्या माणसाला निसर्गानं एक सवलत दिलेली असते. मायनस तीनवाल्यानं चष्मा काढला, की सुमारे ३३ सेंटिमीटरवरचं अक्षर भिंगाला कसलेही कष्ट न देता स्पष्ट दिसतं. मी स्वतः मायनस तीनचा. पन्नाशी ओलांडली, तरी कवितांची प्रुफं चष्मा कपाळावर सारून वाचतो. लेसर केलं, की ही सवलत गेली. म्हणून मी त्या वाटेला गेलो नाही. रोज गाडी चालवणाऱ्याचा हिशेब वेगळा असेल.

दुसरी गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. चष्म्याची काच डोळ्यापासून थोडी दूर असते. त्यामुळे मायनस सहाचा चष्मा लावून वाचणाऱ्याच्या भिंगाला बिनचष्म्याच्या डोळ्यापेक्षा जवळजवळ अर्धा डायॉप्टर कमी ताकद लावावी लागते. शिवाय डोळे नाकाकडे वळवण्याचे श्रमही थोडे वाचतात. लेसरनंतर हा सगळा भार डोळ्यांवर येतो. विशीतल्या मुलाला काही दिवस डोळे शिणल्यासारखे वाटतील, इतकंच. पण चाळिशीच्या उंबरठ्यावर तो अर्धा डायॉप्टरही भारी पडतो.

एक तोडगा आहे. एक डोळा लांबच्यासाठी करायचा आणि दुसऱ्यात थोडा मायनस नंबर मुद्दाम ठेवायचा. बहुतेकांचा मेंदू जुळवून घेतो, पण काहींना अंतराचा अंदाज नीट येत नाही, रात्री गाडी चालवताना त्रास होतो. म्हणून आधी काही दिवस कॉन्टॅक्ट लेन्स लावून हा प्रयोग करून पाहावा. घड्याळजी, सोनार, शिंपी यांनी तर आपलं काम किती अंतरावरचं असतं, हे डॉक्टरांना आधीच मोजून सांगावं.

आणि लेसरपूर्वीच्या तपासणीचे कागद रद्दीत घालू नका. पुढे मोतीबिंदू झाला, तर बसवायच्या भिंगाचा नंबर काढताना ते उपयोगी पडतात.