जवानाचा गुडघा आणि मेडिकल बोर्डाचे टक्के

१९४१ साली बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली. त्यामागे व्हाइसरॉयच्या संरक्षण सल्लागार समितीत बसून बाबासाहेबांनी लावलेला रेटा होता. आजही आपल्या वस्त्यांतून पोरे फौजेत जातात, वर्षानुवर्षे पाठीवर ओझे घेऊन डोंगर चढतात-उतरतात आणि दुखरा गुडघा घेऊन घरी येतात. हातात मेडिकल बोर्डाचा कागद असतो. तो इंग्रजीत असतो, म्हणून तसाच ट्रंकेत जातो. समाजबांधवांनो, घात तिथेच होतो!

आधी टक्केवारी पाहा. सेवेची मुदत संपवून निवृत्त झालेल्याचे अपंगत्व २० टक्क्यांच्या खाली धरले, तर पेन्शनमध्ये अपंगत्वाचा भाग मिळत नाही. २०१९ साली राठोर खटल्यात सर्वोच्च न्यायालयानेही तेच सांगितले. मात्र २० टक्के लागले की हिशेबच बदलतो. २० ते ४९ टक्के असतील तर ते ५० धरायचे असा नियम आहे, आणि मुदत संपवून आलेल्यांनाही तो लागू आहे हे २०१४ साली राम अवतार खटल्यात ठरले. शंभर टक्क्यांना शेवटच्या वेतनाच्या ३० टक्के, म्हणजे पन्नासला १५ टक्के, तेही जन्मभर. आता सांगा, १९ आणि २० मध्ये अंतर किती? आणि बोर्डावरच्या डॉक्टरांना हे ठाऊक नसते काय?

टक्के पुरेसे असूनही दावा बुडतो तो दुसऱ्या रकान्यात. 'आजार सेवेमुळे झाला नाही, सेवेने वाढलाही नाही', एवढीच ओळ. कारण नाही. ही ओळ म्हणजे अंतिम निकाल नव्हे! धरमवीर सिंग खटल्यात २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, भरतीच्या वेळी दोषाची नोंद नसेल तर जवान धडधाकट होता असे गृहीत धरायचे. पुरावा देण्याचा भार त्याच्यावर नाही. पलटणीने भरवलेल्या सामन्यात खेळताना गुडघा गेला तरी १९८२ च्या नियमांनुसार ती ड्युटीच. २१ सप्टेंबर २०२३ पासून नवे नियम आले आहेत. त्यानंतर सुटलेल्यांनी ते वेगळे तपासावेत.

'आता फार उशीर झाला' म्हणून कित्येकजण गप्प बसतात. पेन्शनचा अन्याय दरमहा नव्याने होतो, म्हणून उशिराने दावा बुडत नाही. थकबाकी मात्र साधारण तीन वर्षांचीच मिळते, असे २००८ च्या तरसेम सिंग निकालात आहे. तेव्हा बोर्डाचा कागद, इन्जुरी रिपोर्ट आणि डिस्चार्ज बुक ट्रंकेतून बाहेर काढा. अपील फेटाळले गेले असेल तर सशस्त्र दल न्यायाधिकरणाचे खंडपीठ मुंबईतच आहे.