मिटलेल्या महासागराची शिवण

स्कॉटलंड आणि इंग्लंड यांच्यामध्ये ५० कोटी वर्षांपूर्वी महासागर पसरला होता, असे वर्गात सांगितले तर एखादा विद्यार्थी विचारीलच, "मग तो गेला कुठे? आणि हे कळले कसे?" दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी पाहू.

ट्रायलोबाइट हे कवचधारी सागरी प्राणी. उथळ तळावर राहणाऱ्या त्यांच्या जातींना खोल, रुंद समुद्र ओलांडणे सहसा जमत नसे. वायव्य स्कॉटलंडच्या कँब्रियन खडकांत सापडणारा 'ओलेनेलस' उत्तर अमेरिकेतही सापडतो. वेल्समधले ट्रायलोबाइट मात्र निराळ्याच घराण्याचे. (तुलना एकाच काळातील खडकांची हवी, नाहीतर फरक उत्क्रांतीमुळेही पडेल.) ऑर्डोव्हिशियन काळाच्या अखेरीस हा फरक पुसट होत जातो. किनारे जवळ येत होते!

१९६६ साली कॅनडाचे टूझो विल्सन यांनी 'नेचर'मध्ये विचारले, अटलांटिक एकदा मिटून पुन्हा उघडला काय? मिटलेल्या त्या महासागराला पुढे आयपेटस हे नाव मिळाले. ज्या ॲटलसवरून अटलांटिकचे नाव पडले, त्याचा ग्रीक पुराणातला हा बाप.

आयपेटसचा तळ भूपट्टांच्या हालचालीत काठाखाली सरकून प्रावरणात बुडाला. सगळा नव्हे. स्कॉटलंडच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर बॅलंट्रे येथे सर्पेंटिनाइट आणि पाण्याखाली थिजलेला, उशांच्या आकाराचा लाव्हा आहे. ते सागरतळाचेच तुकडे. तळावरचा गाळ खरवडला जाऊन दक्षिण स्कॉटलंडच्या डोंगरांत रचला गेला, असे बहुतेक भूवैज्ञानिक मानतात. जेम्स हटन यांना १७८८ साली सिकार पॉइंटच्या कड्यात जे उभे थर दिसले, ते याच गाळाचे! महासागर मिटल्याचे हटनना अर्थातच ठाऊक नव्हते.

सुमारे ४२ कोटी वर्षांपूर्वी दोन्ही काठ भिडले. कॅलेडोनियन पर्वतांच्या या पट्ट्यातील ती शिवण सॉलवे आखाताच्या आसपास, आजच्या सीमेजवळून जाते. हा योगायोग रंजक आहे, पण त्याला फार महत्त्व देऊ नये. जमिनीवर ठळक रेघ शोधू गेल्यास निराशाच होईल, कारण बराच भाग नंतरच्या खडकांनी झाकला आहे. १९८० च्या दशकातील समुद्रावरच्या भूकंपलहरी-पाहणीत मात्र कवचात खोलवर उत्तरेकडे उतरत जाणारे पृष्ठ आढळले. लडाखमधली सिंधू शिवण वयाने पुष्कळच तरुण, म्हणून तेथे सागरतळाचे खडक उघड्यावर पाहता येतात.

एक बाब मात्र ध्यानात ठेवावी लागते. आजचा अटलांटिक उघडला तो जुन्या शिवणीवरूनच नव्हे. त्यामुळे अमेरिकेच्या काठाचा वायव्य स्कॉटलंड युरोपकडे राहिला आणि पलीकडच्या काठाचा पूर्व न्यूफाउंडलंड अमेरिकेकडे गेला.