सीडी-फोरचा आकडा

1996 च्या जुलैमध्ये व्हँकुव्हरच्या एड्स परिषदेत तीन औषधं एकत्र देण्याचे निकाल मांडले गेले आणि पुढच्या वर्ष-दोन वर्षांत अमेरिका-युरोपातले एड्सचे वॉर्ड ओस पडू लागले. तेव्हापासून या आजाराचा सगळा हिशोब एका आकड्याभोवती फिरू लागला: रक्ताच्या एका घनमिलिमीटरमध्ये सीडी-फोर पेशी, म्हणजे एड्सचा विषाणू ज्यांना मारतो त्या प्रतिकारशक्तीच्या पेशी, किती? निरोगी माणसात पाचशेच्या वर. दोनशेच्या खाली गेल्या की न्यूमोसिस्टिसचा न्यूमोनिया, शंभराच्या खाली क्रिप्टोकॉकसचा मेंदूज्वर, पन्नासच्या खाली डोळ्याचा पडदा खाणारा सायटोमेगॅलो विषाणू. औषधांनी आकडा वर आला की धोका टळला, अशी सरळ समजूत होती. पुढच्या वीस वर्षांत या समजुतीचे कंगोरे एकेक करून दिसत गेले.

पहिली गोष्ट 1997 मध्येच पॅरिसमध्ये ब्रिजिट ओत्रां यांच्या गटाने दाखवली. उपचार सुरू झाल्यावर पहिल्या काही आठवड्यांत वाढणाऱ्या पेशी बहुतांशी नव्या नसतात. लसिका ग्रंथींत अडकून पडलेल्या जुन्या स्मृतिपेशी, रजेवरचे हवालदार चौकीत परतावेत तशा, रक्तात परततात. कोऱ्या पेशी, म्हणजे आजवर न पाहिलेल्या जंतूला ओळखू शकतील अशा, काही महिन्यांनी आणि संथपणे वाढतात. तरी परतलेल्या पेशी कामाच्या होत्या, हे 1999 पर्यंत सिद्ध झालं. आकडा तीन महिने दोनशेच्या वर टिकला की न्यूमोनिया टाळण्यासाठीच्या गोळ्या बंद करता येतात, असं युरोपातल्या अभ्यासांनी दाखवलं. रोजच्या गोळ्यांतली एक कमी होणं ही रुग्णाला केवढी मोठी गोष्ट वाटते, ते ज्याने मूठभर गोळ्या गिळल्या आहेत त्यालाच विचारावं.

पण परतलेल्या याच पेशी घातही करत होत्या. भारतात 1 एप्रिल 2004 रोजी मोफत एआरटी, म्हणजे विषाणूला रोखणाऱ्या औषधांचा एकत्रित उपचार, सुरू झाली. पहिल्या केंद्रांमध्ये मुंबईचं जे. जे. रुग्णालय होतं. त्या वेळी उपचाराची मर्यादा साधारण दोनशे पेशींची, त्यामुळे येणारे बरेचसे रुग्ण आधीच खंगलेले, आणि आपल्याकडे त्यांच्या अंगात बहुधा टीबी. चित्र ओळखीचं झालं. टीबीच्या औषधांनी ताप उतरलाय, भूक लागतेय, मग एआरटी सुरू होते. दोन-तीन आठवड्यांत पुन्हा ताप चढतो, मानेतली गाठ लिंबाएवढी होते, कधी फुटून वाहते. घरचे म्हणतात, औषध लागू पडत नाही. डॉक्टरांनाही आधी शंका येते ती औषधांना न जुमानणाऱ्या टीबीची, आणि ती तपासावी लागतेच. पण रिपोर्ट उलटं सांगतो: विषाणू घटलेत, पेशी वाढल्यात. प्रतिकारशक्तीला जाग आलेली असते आणि ती मेलेल्या-अर्धमेल्या जंतूंवर तुटून पडलेली असते. 'आयरिस' म्हणतात ते हेच. यात एआरटी सहसा थांबवत नाहीत, त्रास जास्त असेल तर स्टिरॉइड देतात. ज्यांना हा धोका अधिक, त्यांना आधीच चार आठवडे प्रेडनिसोलोनसारखं औषध दिलं तर तो कमी होतो, हे 2018 मध्ये केप टाऊनच्या अभ्यासाने दाखवलं.

मग एआरटी उशिरा द्यावी का? इथेच खरी पंचाईत होती, आणि माझ्या मते या काळातलं सर्वात मोलाचं काम इथेच झालं. कंबोडियात टीबी असलेल्या 661 रुग्णांवर अभ्यास झाला. मधल्या रुग्णाच्या सीडी-फोर पेशी अवघ्या 25. टीबीचे उपचार सुरू झाल्यावर दोन आठवड्यांनी एआरटी घेणाऱ्यांमध्ये आयरिस जास्त झाला, पण मृत्यू 18 टक्के. आठ आठवडे थांबलेल्यांत 27 टक्के. म्हणजे गाठी सुजू द्या, पण गोळ्या द्या. तीनच वर्षांनी, 2014 मध्ये, युगांडा आणि दक्षिण आफ्रिकेतून नेमका उलटा निकाल आला. क्रिप्टोकॉकसच्या मेंदूज्वरात एआरटी एक-दोन आठवड्यांत दिली तर 45 टक्के दगावले, पाच आठवडे थांबलं तर 30 टक्के. मानेतल्या सुजेला पसरायला जागा असते, कवटीत नसते. पेशी त्याच, औषधंही जवळपास तीच, फरक जागेचा.

आकड्यावरच्या विश्वासाला सर्वात मोठा धक्का मात्र 2009 मध्ये बसला. इंटरल्यूकिन-2 हे या पेशींना वाढायला लावणारं प्रथिन टोचून सीडी-फोर वाढवण्याचे दोन मोठे अभ्यास होते, त्यांतल्या एकात चार हजारांवर माणसं. पेशी वाढल्या, अगदी भरघोस. संधिसाधू संसर्ग आणि मृत्यू तेवढेच राहिले. त्याआधी 2006 मध्ये, आकडा 350 च्या वर गेला की गोळ्या थांबवायच्या आणि 250 च्या खाली आला की पुन्हा सुरू करायच्या, हा किफायतशीर वाटणारा बेत 5,472 जणांवर तपासला गेला. थांबणाऱ्यांमध्ये संधिसाधू आजार किंवा मृत्यू अडीचपट जास्त. तो बेत तिथेच संपला. (किफायतीच्या कल्पना आधी तपासून पाहिल्या तर किती बरं!)

त्यानंतर उपचार सुरू करण्याची मर्यादा चढत गेली, 350, मग 500, आणि 2015 च्या अभ्यासांनंतर ती उरलीच नाही. भारतात 2017 पासून तपासणीत विषाणू सापडला की उपचार, पेशी कितीही असोत. लक्ष व्हायरल लोडकडे, म्हणजे रक्तातल्या विषाणूंच्या संख्येकडे, वळलं आणि सीडी-फोरची यंत्रं मागे पडली. पण दोनशेच्या खाली येणारे संपलेले नाहीत. काही पहिल्यांदाच उशिरा येतात, काही मध्येच गोळ्या सोडून परततात. त्यांच्यासाठी तो आकडा आजही लागतो. शंभराच्या खाली असेल तर पहिली एआरटीची गोळी देण्याआधी रक्ताच्या थेंबावर क्रिप्टोकॉकसची पट्टी तपासायची असते आणि मेंदूज्वर निघाला तर चार ते सहा आठवडे थांबायचं असतं.