जिभेचे वळण आणि एक जनुक

‘पताका’ हा शब्द एका श्वासात जितक्या वेगाने आणि जितक्या वेळा म्हणता येईल तितका म्हणून पाहावा. ‘प’साठी ओठ मिटतात, ‘त’साठी जिभेचे टोक दातांमागे टेकते, ‘क’साठी जिभेचा मागचा भाग मऊ टाळूला लागतो. तीन ठिकाणे, तीन हालचाली आणि त्यांचा ठरलेला क्रम. वाचादोषांवर उपचार करणारे तज्ज्ञ जगभर हीच अक्षरे भराभर म्हणवून घेतात. वारकऱ्याच्या खांद्यावरची पताका त्यांना ठाऊक नसते, एवढेच. सुटे अक्षर उच्चारता येते की नाही, हा या परीक्षेतला मुख्य प्रश्न नसतो. एका अक्षरातून पुढच्या अक्षरात न अडखळता जाता येते का, हे पाहायचे असते.

आपल्या शिक्षाग्रंथांनी वर्णांचा विचार स्थान, करण आणि प्रयत्न या संज्ञांनी केला. वर्ण म्हणजे मुखात घडणारी कृती, ही जाण त्यामागे होती. पुढे आम्ही साहित्याची माणसे अर्थ, शैली आणि व्याकरण यांत इतके रमलो की भाषेला तोंड असते हे जवळजवळ विसरलो. ‘फॉक्सपी-२’ या जनुकाची हकिकत आपल्याला त्या तोंडाकडे परत नेते, म्हणून ती भाषेच्या अभ्यासकांनी नीट समजून घ्यायला हवी. तिच्याविषयी जे ऐकीव ज्ञान पसरले आहे, ते बरेचसे उलटे आहे.

हकिकत पश्चिम लंडनमधली. वाचादोष असलेल्या मुलांच्या विशेष वर्गात एकाच घरातील मुले येत असल्याचे शाळेतल्या शिक्षिकेच्या ध्यानात आले. संशोधन-वाङ्मयात हे घराणे ‘केई’ या आद्याक्षरांनीच ओळखले जाते. तीन पिढ्यांत मिळून सुमारे निम्म्या माणसांचे बोलणे इतरांना कळण्यास कठीण होते. बाधित आई किंवा बाप यांच्या अपत्यांपैकी साधारण निम्म्यांत दोष उतरत होता; एकाच जनुकात बिघाड असला की हेच दिसते.

१९९० साली मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातील मिर्ना गोपनिक यांनी ‘नेचर’मध्ये लिहिले की, या माणसांना अनेकवचन, भूतकाळ अशी व्याकरणिक रूपे नियमाने साधता येत नाहीत. त्यावरून वृत्तपत्रांनी ‘व्याकरणाचे जनुक’ सापडल्याचे जाहीर करून टाकले. आमच्या वर्गांतूनही चॉम्स्कींच्या सिद्धान्ताचा पुरावा म्हणून हा दाखला पुष्कळ वर्षे दिला गेला, आणि काही ठिकाणी अजून दिला जातो.

लंडनच्या बालआरोग्य संस्थेतील फराने वर्गा-खादेम आणि त्यांचे सहकारी यांनी याच घराण्याची अधिक बारकाईने तपासणी केली. १९९५ साली त्यांनी दाखवले की, अडचण व्याकरणापुरती नव्हती. ओठ, जीभ आणि जबडा यांच्या हालचाली सांगितल्या क्रमाने करणेच या लोकांना जड जात होते. स्नायूंत दुबळेपणा नव्हता. हालचालींची जुळणी बिघडत होती. बाधित आणि अबाधित माणसांना वेगळे काढणारी सर्वांत नेमकी कसोटी निरर्थक शब्द ऐकून पुन्हा उच्चारण्याची ठरली. हे समजण्यासारखे आहे. ओळखीचा शब्द आपण सवयीने रेटून नेतो. ‘मुटकंदराळ’ असा कुठेही नसलेला शब्द म्हणायचा, तर जिभेला नवा क्रम त्या क्षणी रचावा लागतो.

संगीताच्या शिक्षकांना विशेष वाटावे असे एक निरीक्षण २००० साली प्रसिद्ध झाले. बाधित माणसांना सुरांचा चढउतार ओळखता येत होता आणि गळ्यातून काढताही येत होता. लय मात्र ओळखता येत नव्हती आणि धरताही येत नव्हती. तोंडाने नाही, हाताने टकटक करूनही नाही. हातवारे किंवा हाताच्या नेहमीच्या क्रिया त्यांना जमत असत. थोडक्यात, सूर शाबूत आणि ताल विस्कटलेला. तबला शिकणारा मुलगा हात लावण्याआधी बोल तोंडाने का म्हणतो, याचा विचार या निरीक्षणापाशी थांबून करण्यासारखा आहे.

२००१ साली सिसिलिया लाय, सायमन फिशर, अँथनी मोनॅको आणि सहकाऱ्यांनी सातव्या गुणसूत्रावरील ते जनुक नेमके हुडकले. त्यापासून ७१५ अमिनो आम्लांचे एक प्रथिन बनते. केई घराण्यातील बाधितांमध्ये ५५३व्या जागी आर्जिनिनऐवजी हिस्टिडिन आले होते. हे प्रथिन स्वतः कोणताही शब्द किंवा नियम साठवत नाही. ते इतर अनेक जनुकांचे काम चालू-बंद, कमी-जास्त करते. घरातल्या एखाद्या दिव्यापेक्षा त्याचे काम बटणांच्या फळीसारखे. मेंदूच्या अंतर्भागातील ‘बेसल गँग्लिया’ आणि मागचा लहान मेंदू यांच्या जडणघडणीत त्याचा हात असतो. सायकल चालवणे, ठिपक्यांवरून रांगोळीची रेघ ओढणे, अक्षराला वळण लागणे अशी सरावाने अंगवळणी पडणारी कामे ज्या यंत्रणेवर चालतात, तीच ही यंत्रणा.

उंदीर बोलत नाही. पण हे जनुक त्यालाही आहे. केई घराण्यातील बदलाशी जुळणारा बदल उंदरांत घडवून २००८ साली प्रयोग झाले. वेग वाढत जाणाऱ्या फिरत्या दांड्यावर तोल सांभाळत चालणे हे उंदीर सरावाने शिकतो. बदललेल्या जनुकाचे उंदीर चालत होते, धावत होते, पण नवे कौशल्य शिकण्यात मागे पडत होते. ‘स्ट्रायटम’ या भागातील चेतापेशींची जोडणी सरावाने जशी कमी-अधिक घट्ट व्हायला हवी तशी होत नव्हती. म्हणजे उणीव हालचालीत नव्हती, हालचाल शिकण्यात होती. झेब्रा फिंच नावाच्या पक्ष्याचे पिल्लू बापाचे गाणे ऐकून उचलते. त्याच्या मेंदूच्या संबंधित भागात या जनुकाचे काम कमी केल्यावर पिल्लाने गाणे गायले, पण अर्धवट आणि चुकत.

२०१४ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग मला सर्वांत बोलका वाटतो. मानवी प्रथिनात चिंपँझीच्या तुलनेत दोन अमिनो आम्ले वेगळी आहेत. ते दोन बदल उंदरांत उतरवले, तेव्हा हे उंदीर भुलभुलैयातली वाट लवकर शिकले. मात्र खुणा पाहून शिकणे आणि सवयीने वळणे हे दोन्ही मार्ग खुले असतानाच. केवळ एकच मार्ग ठेवला तर फरक नाहीसा झाला. जाणीवपूर्वक केलेली गोष्ट सवयीच्या स्वाधीन करण्याचा वेग वाढला, असा संशोधकांनी याचा अर्थ लावला. लहान मूल शब्द आधी चाचपडत आणि मग बेफिकिरीने बोलू लागते, त्याच्याशी याचे नाते असावे.

मग व्याकरणाच्या चुकांचे काय? त्या खऱ्याच होत्या, आणि लिहितानाही होत होत्या, म्हणून सारा दोष जिभेवर ढकलता येत नाही. अमेरिकेतील मायकेल उलमन यांची मांडणी अशी की, हालचालींची साखळी बसवणारी यंत्रणाच प्रत्ययांची आणि पदक्रमाची साखळी बसवायला कामी येते. या मांडणीवर वाद आहे. तरी भाषा-शिक्षकाला ती नियम पाठ करून घेण्यापेक्षा वाक्ये बोलून घेण्याकडे नेते, आणि ते मला मान्य आहे.

‘मराठी आमच्या रक्तात आहे’ असे आपल्या संमेलनांतून आवेशाने म्हटले जाते. वाक्य सुंदर आहे. शास्त्राच्या कसोटीवर टिकत नाही. निकोप फॉक्सपी-२ बेळगावच्या कन्नड घरात आणि मराठी घरात सारखेच काम करते. ते क्रम शिकण्याची क्षमता देते. कोणता क्रम, हे कानावर काय पडते त्यावर ठरते. कन्नडमध्येही ‘ळ’ असल्यामुळे सीमाभागात आमचा ‘ळ’ सुरक्षित राहतो. इंदूर-ग्वाल्हेरकडे हिंदीत वाढलेल्या मराठी मुलाच्या तोंडी ‘बाळ’चे ‘बाल’ होऊ शकते. ते मूल घरात ‘ळ’ रोज ऐकेल आणि बोलेल, तरच जीभ तिकडे वळेल.

शिक्षकांसाठी याहून निकडीची गोष्ट वेगळी आहे. वर्गात एखादे मूल सगळे समजत असूनही तुटक, अस्पष्ट बोलते. एकच शब्द सकाळी एका तऱ्हेने चुकवते आणि दुपारी दुसऱ्या. शब्द लांबला की अधिक गोंधळते. ओठ-जीभ जागा शोधत राहतात. त्याला आळशी किंवा मंद ठरवणे सर्वांत सोपे असते, आणि तसे ठरवलेली मुले पुढे वर्गात बोलेनाशी होतात. अशा मुलांपैकी फार थोड्यांत फॉक्सपी-२चा दोष असतो. उपचार मात्र जनुक तपासल्यावाचूनही सुरू करता येतात. म्हैसूरची ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ स्पीच अँड हिअरिंग आणि मुंबईतील अली यावर जंग संस्था येथे अशी तपासणी होते. पालकांसोबत शिक्षकाने एक टिपण पाठवावे: मूल कोणते शब्द कसे उच्चारते, तेच शब्द दुसऱ्या वेळी कसे उच्चारते, आणि घरात व शाळेत त्याच्या कानावर कोणकोणत्या भाषा पडतात.