नऊ ते अडीच

साल 1984. गाव कार्ताहेना, कोलंबियाच्या कॅरिबियन किनाऱ्यावरचं जुनं तटबंदीचं बंदर. गॅब्रिएल गार्सिया मार्केझ यांचं वय 57, नोबेल मिळून दोन वर्षं होत आलेली, आणि हा माणूस एक प्रेमकथा लिहायला बसलाय. ‘लव्ह इन द टाइम ऑफ कॉलरा’ या नावाने पुढे जगभर गेलेली कादंबरी ती हीच. आपल्या कामाच्या सवयींबद्दल मार्केझ यांनी मुलाखतींत आणि आत्मचरित्रात भरपूर सांगून ठेवलंय. त्यावरून त्यांच्या कामाचा दिवस बऱ्यापैकी जुळवता येतो.

सकाळी नऊ. मार्केझ टेबलाशी बसतात. ही वेळ लागली ती मुलांच्या शाळेमुळे. पोरं सकाळी शाळेत गेली की घर मोकळं मिळायचं, म्हणून नऊ ते अडीच. पोरं मोठी झाली, वेळापत्रक तेच राहिलं. त्याआधी वर्तमानपत्रातल्या नोकरीत ते रात्री दोन-तीन वाजेपर्यंत कचेरीतच लिहीत बसत. लायनोटाइप या अक्षरजुळणीच्या यंत्रांचा आवाज त्यांना पावसासारखा वाटायचा आणि यंत्रं थांबली की त्यांचंही लिहिणं अडायचं. हॉटेलात किंवा उसन्या टाइपरायटरवर त्यांना लिहिता येत नाही. टेबलावर पिवळं फूल लागतं आणि खोली उबदार लागते. ही शेवटची अट कार्ताहेनात फुकटात भागते. बाराही महिने मुंबईचा मे असावा असं तिथलं हवामान.

या कादंबरीपासून मार्केझ संगणकावर लिहू लागले. पूर्वी टाइप करताना एक अक्षर चुकलं तरी कागद फाडून पान पहिल्यापासून सुरू. एका बारा पानांच्या कथेला 500 कागद लागल्याचं त्यांनीच सांगितलंय. कागदांची ही उधळपट्टी तेवढी संपली.

अकरा. आता खरं काम. जादुई वास्तववाद, म्हणजे रोजच्या जगात चमत्कार सहज मिसळून सांगणं, म्हटलं की आपल्याकडच्या होतकरू लेखकांना मोकाट सुटायचा परवाना मिळाल्यासारखं वाटतं. मार्केझ यांची रीत अगदी उलट, कारकुनी म्हणावी इतकी काटेकोर. आकाशात हत्ती उडत होते असं लिहिलं तर कोणी विश्वास ठेवणार नाही, पण 425 हत्ती उडत होते म्हणा, लोक मानतील, असा त्यांचा हिशेब. पत्रकारितेतली ही क्लृप्ती त्यांनी कथेत आणली. म्हणूनच या कादंबरीचा नायक फ्लोरेंतिनो आरिसा आपल्या प्रेयसीची, फर्मिना दासाची, वाट ‘अर्धं आयुष्य’ पाहत नाही. तो 51 वर्षं, 9 महिने आणि 4 दिवस पाहतो. एवढा आकडा समोर ठेवल्यावर त्याच्या वेडावर शंका घ्यायची सोय उरत नाही.

या कादंबरीत चमत्कार तसे चिमूटभरच आहेत. एक बाहुली वाढत जाते, इतकी की तिचे कपडे आणि बूट तिला होईनासे होतात. नदीकाठी पांढऱ्या कपड्यांतली एक बाई रुमाल हलवून बोटीला बोलावते आणि कप्तान सांगतो, ते बुडालेल्या बाईचं भूत आहे, बोटींना भोवऱ्यात ओढतं. प्रेमापायी फ्लोरेंतिनोची अशी दशा होते की लक्षणं पटकीचीच वाटावीत. बाकी सगळं हिशेबी: बोटींची कंपनी, नगरातली गटारं, संसारातली साबणावरून झालेली भांडणं. माझ्या मते नवरा-बायकोच्या त्या साबणाच्या भांडणापुढे भूतही फिकं पडतं.

अडीच. काम बंद. चांगला दिवस असेल तर पदरात काय पडतं? चार-पाच ओळींचा एक परिच्छेद, आणि तोही बहुधा दुसऱ्या दिवशी रद्द होतो. पुढे काय लिहायचं हे ठाऊक असतानाच थांबावं, हा हेमिंग्वेचा सल्ला मार्केझ पाळतात, म्हणजे उद्या सकाळी कोऱ्या पानाशी झटापट करावी लागत नाही. दुपारीही लिहून पाहिलं होतं, पण दुपारचं लिखाण सकाळी पुन्हा लिहावं लागे.

दुपारनंतर ते आई-वडिलांकडे जातात. हाही कामाचाच भाग, किंबहुना मोठा भाग. वडील गाब्रिएल एलिहिओ तरुणपणी आराकाताका या केळीच्या बागांच्या गावात तारमास्तर होते. आई लुईसा सांतियागा ही कर्नल निकोलास मार्केझ यांची लेक. कर्नलसाहेबांना हा तारवाला जावई म्हणून अजिबात पसंत नव्हता. अनौरस, विरुद्ध राजकीय पक्षाचा, वर बायकांच्या बाबतीत बदलौकिक. पोरीला लांबच्या गावांना फिरवून आणलं की विसरेल, असा घरच्यांचा बेत. पण वाटेतल्या गावांना तारघरं होती, आणि तिथले तारमास्तर आपल्या जातभाईचे निरोप तिला बिनबोभाट पोचवत होते. शेवटी 11 जून 1926 रोजी सांता मार्ता इथे लग्न लागलं.

मार्केझ दोघांना वेगवेगळं गाठून हीच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारतात. दोघेही पट्टीचे गोष्टी सांगणारे, आपापल्या आठवणीत रंगलेले. पोराचे प्रश्न मात्र किरकोळ वाटावेत असे. एकदा ते वडिलांना विचारतात, एका तारघराची लाइन दुसऱ्याशी जोडायची, त्याला तुम्ही लोक काय म्हणायचात? म्हातारा क्षणभरही थांबत नाही: ‘एन्क्लाविहार’. मुलाचं काम झालं.

हीच गोष्ट कादंबरीत फर्मिनाच्या वाट्याला येते: बापाने लादलेला प्रवास, आणि मागोमाग तारेने येणारे निरोप. फरक एकच, आणि तो मार्केझ यांनी हसत सांगितलाय: आई-वडिलांचं लग्न झालं, आणि त्यानंतर पात्रं म्हणून त्यांच्यात राम उरला नाही. म्हणून कादंबरीतल्या जोडीचं ठरलेलं लग्न मोडतं.

संध्याकाळ. गावात एक कमानींची ओळ आहे, पोर्ताल दे लोस दुल्सेस. मिठाईवाले तिथे अजून बसतात. कादंबरीत त्या जागी लेखनिक बसतात, आणि फ्लोरेंतिनो निरक्षर प्रेमिकांची पत्रं फुकट लिहून देतो. एकदा त्याच्या लक्षात येतं की आपण लिहिलेल्या पत्राला उत्तरही आपणच लिहितोय. मार्केझ यांना हे गाव 1948 पासून ठाऊक, तेव्हा ते इथल्या ‘एल युनिव्हर्साल’मध्ये नवखे पत्रकार होते. मागदालेना नदीही शाळकरी वयापासून बोटीने पाहिलेली. कादंबरीच्या शेवटी त्या नदीकाठची झाडं बोटींच्या बॉयलरनी खाऊन टाकलेली दिसतात.

रात्री डोक्यात घोळायला एक जुनी बातमीही आहे. आकापुल्कोला दरवर्षी गुपचूप भेटणारं, ऐंशीच्या घरातलं एक अमेरिकन जोडपं. नावाड्याने वल्ह्याने त्यांना ठार मारलं, तेव्हा कुठे कळलं की दोघांची लग्नं दुसऱ्यांशी झाली होती. ही बातमीही कादंबरीत आली.

वडील डिसेंबर 1984 मध्ये गेले, कादंबरी 1985 मध्ये निघाली. वडील जाण्याआधी एका वार्ताहराने त्यांना विचारलं होतं, तुम्हाला कधी कादंबरी लिहावीशी वाटली नाही का? वाटली होती, ते म्हणाले. पण मुलगा तारेबद्दलचं ते क्रियापद विचारायला आला आणि कळलं, मी लिहिणार होतो तेच पुस्तक तो लिहितोय. मग सोडून दिली.

इंग्रजीतून वाचायची असेल तर एडिथ ग्रॉसमन यांचं 1988 चं भाषांतर घ्या. आणि एक सूचना. पहिल्या प्रकरणात नायक जवळपास दिसतच नाही. एका म्हाताऱ्या डॉक्टरचा दिवस चालू असतो, आंब्याच्या झाडावर पोपट, त्याला धरायला लावलेली शिडी. कंटाळून तिथे पुस्तक मिटू नका. फ्लोरेंतिनो प्रकरणाच्या अगदी शेवटी येतो.