औषध नसलेला रोग

आपल्या देशातून परदेशी जाणाऱ्या कोळंबीचा मोठा भाग आज समुद्रातून नव्हे, तर खाडीकाठच्या तलावांतून येतो. आमच्या गावच्या खाजणातही असे तलाव असून माझे वडील त्यांपैकी एकावर राखणीला आहेत. त्यांना वाचता येत नाही. औषधांच्या डब्यांवरील मजकूर मीच वाचून दाखवतो. कलाशाखेचा विद्यार्थी या विषयाकडे वळला तो असा.

कोळंबीच्या रोगांत सर्वांत भयंकर म्हणजे पांढऱ्या ठिपक्यांचा रोग. १९९२-९३ च्या सुमारास तो तैवान व चीनमध्ये दिसला आणि १९९४-९५ मध्ये आपल्या पूर्व किनाऱ्यावर येऊन थडकला. रोगट कोळंबी खाणे सोडते, काठाशी येते, कवचावर पांढरे ठिपके उमटतात आणि तीन ते दहा दिवसांत सारा तलाव मरू शकतो. माणसाला मात्र या विषाणूची बाधा होत नाही.

मग यावर औषध का नाही? प्रतिजैविके जिवाणूंना मारतात, विषाणूंना नव्हे. लस टोचावी, तर कोळंबीच्या शरीरात आपल्यासारखी प्रतिपिंडे तयारच होत नाहीत. तरीही भीतीपोटी डबे रिकामे होतात, कर्ज वाढते, आणि मालात प्रतिजैविकांचा अंश सापडला की तो परदेशातून परत येतो.

खरा उपाय रोगाच्या आधीचा आहे. बीज प्रयोगशाळेत तपासून घ्यावे, तलाव उन्हात वाळवावा, पाणी ब्लीचिंग पावडरने शुद्ध करावे, खेकड्यांना कुंपण व पक्ष्यांना जाळी लावावी. २००९ पासून आपल्याकडे व्हेनामी जातीच्या रोगमुक्त कोळंबीची पैदास सुरू झाली. परंतु रोगमुक्त म्हणजे रोग न होणारी नव्हे. तलावात विषाणू शिरला की तीही मरते.

आणि तो शिरतो बहुधा पाण्यावाटे. रोग दिसताच घाबरलेला माणूस तलावाचे पाणी खाडीत सोडतो. तेच पाणी पुढच्या भरतीला शेजारी आत घेतो. वास्तविक अशा वेळी पाणी अडवून, शुद्ध करून मगच सोडावे आणि शेजाऱ्याला सांगावे. पण बातमी फुटली की व्यापारी भाव पाडतो, म्हणून जो तो गप्प राहतो. येथे जीवशास्त्र संपते आणि आपले अर्थशास्त्र व समाजशास्त्र सुरू होते.

खाडीकाठच्या गावांतून आपल्या महाविद्यालयात येणारा मी काही एकटा नाही. सुटीत घरी गेल्यावर आपण एवढे तरी करू या: डब्यावरचे वाचून दाखवू, आणि डब्यावर जे लिहिलेले नसते तेही सांगू.