तटाबाहेरची रयत : कल्पित साम्राज्यांतील गाव आणि राजधानी

फँटसी, म्हणजे स्वतःचा भूगोल, इतिहास आणि नियम असलेले संपूर्ण कल्पित जग उभे करणारे अद्भुतरम्य साहित्य, वाचताना लक्ष जाते ते सिंहासनांकडे, जादूच्या शस्त्रांकडे आणि महायुद्धांकडे. परंतु अशा जगातील साम्राज्य कितपत खरे उतरले आहे याची कसोटी एका साध्या प्रश्नात असते, तो म्हणजे राजधानीच्या मुखी पडणारा घास कोणाच्या शेतातून येतो आणि तो पिकवणाऱ्याला राजधानी किती ओळखते. या प्रश्नाचा अत्यंत गांभीर्याने विचार करणाऱ्या लेखकांत जे. आर. आर. टोल्किन (1892–1973) यांचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागते. ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ (1954–55) आणि त्यांच्या पश्चात प्रसिद्ध झालेले लेखन मिळून पाहिले, तर युद्धकथेच्या तळाशी गाव आणि सत्ताकेंद्र यांच्या नात्याचे वेगवेगळे नमुने त्यांनी विचारपूर्वक मांडलेले दिसतात.

पहिला नमुना शायरचा. हॉबिट या बुटक्या, शेतीत रमणाऱ्या लोकांना हा मुलूख तिसऱ्या युगाच्या 1601व्या वर्षी उत्तरेकडील राजाने वसाहतीसाठी दिला, आणि त्या बदल्यात मोठ्या पुलाची, इतर पुलांची व रस्त्यांची डागडुजी करावी, राजाच्या जासुदांना वाट मोकळी करून द्यावी आणि राजाचे स्वामित्व मान्य करावे, एवढ्याच अटी घातल्या. पुढे ते राज्य बुडाले, तरी हॉबिटांनी जुने कायदे ‘नियम’ या नावाने स्वखुशीने पाळले. संपूर्ण शायरमध्ये गस्तीला अवघे 12 शिपाई असत आणि त्यांचा बहुतेक वेळ माणसांपेक्षा चुकार गुराढोरांमागे जात असे, या एका तपशिलातून दूरच्या राजाचा जाच नसलेली, आपला कारभार आपणच पाहणारी ग्रामव्यवस्था डोळ्यांसमोर उभी राहते.

दुसरा नमुना गोंडोर या दक्षिणेकडील राज्याच्या राजधानीचा, म्हणजे सात तटांच्या मिनास तिरिथचा. शहराभोवतीची पेलेनोरची जमीन सुपीक आहे, तेथे फळबागा, गोठे आणि कोठारे आहेत, पण वस्ती विरळ आहे. या राज्याचे सरदार वंशावळींत गढून गेले आणि पूर्वीच्या राजांनी जिवंत माणसांच्या घरांपेक्षा थडगी अधिक वैभवशाली बांधली, असे निदान त्याच राज्याचा राजपुत्रतुल्य सेनानी फारामिर करतो. राज्य तगले ते पुढच्या कारभाऱ्यांनी समुद्रकाठच्या आणि डोंगराळ भागातील काटक माणसांना सैन्यात घेतले म्हणून. चौदाव्या शतकातील अरब इतिहासकार इब्न खल्दून यांनी आपल्या ‘मुकद्दिमा’ या ग्रंथात (1377) हेच तत्त्व वास्तव इतिहासातून काढले होते : ‘असबिय्या’ म्हणजे एका गटातील परस्परनिष्ठा, ती खडतर जीवनात वाढते, शहरी ऐषआरामात झिजते आणि तिच्याबरोबर राजघराणीही लयाला जातात.

शहरी विद्वत्तेचे हे रितेपण टोल्किन यांनी रुग्णालयाच्या प्रसंगात फार जवळून दाखवले आहे. युद्धातील जखमी मृत्यूच्या दारात असताना गोंडोरच्या सिंहासनाचा वारस आरागॉर्न ‘अथेलास’ या वनस्पतीची मागणी करतो. तेथील औषधीतज्ज्ञ तिची निरनिराळ्या भाषांतील नावे घडाघडा सांगतो, परंतु तिचा गुण मात्र त्याला ठाऊक नसतो आणि औषधालयात तिचे एक पानही नसते. याउलट राजाच्या हातांना गुण असतो ही जुनी समजूत लक्षात ठेवणारी योरेथ ही म्हातारी सेविका लोसार्नाख या ग्रामीण भागातून आलेली असते, आणि अखेर एक लहान मुलगा धावत जाऊन कुठूनतरी सहा पाने घेऊन येतो. ज्ञान ग्रंथात शिल्लक राहिले, पण उपयोग लोकस्मृतीत राहिला, हे येथे स्पष्ट होते.

याहून कठोर नमुनेही आहेत. ‘अनफिनिश्ड टेल्स’ (1980) या संग्रहात न्यूमेनोर या बेटावरील सागरी सत्ता जहाजांच्या लाकडासाठी परमुलखातील नदीकाठची अरण्ये उजाड करते. तेथील वनवासी परागंदा होतात आणि पुढे सॉरॉन हा जुलमी शत्रू चालून येतो, तेव्हा ते त्याचेच स्वागत करतात. ज्या सत्तेने घर मोडले तिच्या शत्रूत लोकांना तारणहार दिसावा, हे कोणत्याही साम्राज्याच्या सीमेवर घडू शकणारे राजकीय सत्य आहे. सॉरॉनचे मॉर्डोरही केवळ राख आणि ज्वालामुखी नव्हे. त्याच्या दक्षिणेस नूर्नेन सरोवराभोवती गुलामांकडून कसून घेतलेली शेते आहेत आणि त्यांवरच त्याची फौज पोसली जाते. विजयानंतर आरागॉर्न त्या गुलामांना मुक्त करून तीच जमीन त्यांच्या मालकीची करतो, हा निर्णय कादंबरीत एका वाक्यात येतो, पण न्यायाच्या दृष्टीने तो राज्याभिषेकाइतकाच महत्त्वाचा आहे.

शेवटी शायरवरही अशा लुबाडणुकीचे संकट येते. बाहेरून आलेल्या सत्तेचे हस्तक गोळा करून समान वाटप करण्याच्या नावाखाली घरोघर धान्य मोजून नेतात, वाटप मात्र होत नाही. जुनी गिरणी पाडून यंत्रांनी भरलेली मोठी गिरणी उभी राहते, परंतु दळायला धान्य वाढलेले नसते आणि ओढ्याचे पाणी तेवढे नासते. हे प्रकरण युद्धोत्तर इंग्लंडचे रूपक नाही, असे टोल्किन यांनी दुसऱ्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत स्पष्ट केले, मात्र बालपणीचा परिसर आपण दहा वर्षांचे होण्याआधीच विद्रूप होऊ लागला होता, हेही तेथेच नोंदवले. 1896पासून काही वर्षे ते बर्मिंगहॅमजवळच्या सेअरहोल या खेड्यात राहिले होते. तेथे पाणचक्की होती आणि वाढते औद्योगिक शहर जवळच होते.

या चित्राला मर्यादाही आहेत. शायरमध्ये मालक आणि चाकर आहेत, पण भूमिहीनाचे दुःख जवळजवळ नाही. ही उणीव पुढे जॉर्ज आर. आर. मार्टिन यांनी भरून काढली. ‘अ क्लॅश ऑफ किंग्ज’ (1998) या कादंबरीत सुपीक प्रांताकडून येणारा रस्ता बंद होताच राजधानी उपाशी पडते आणि भुकेला जमाव राजाच्या मिरवणुकीवर तुटून पडतो. ‘अ फीस्ट फॉर क्रोज’मध्ये (2005) एक भटका धर्मोपदेशक, सरदारांच्या युद्धात ओढले गेलेले शेतकरी लुटारू कसे बनतात, हे करुणेने समजावून सांगतो.

टोल्किन यांचे उत्तर मात्र संस्थात्मक आहे. नवा राजा आरागॉर्न शायरला मुक्त प्रदेश ठरवून बाहेरच्या माणसांना तेथे प्रवेशबंदी करतो आणि पुढे उत्तरेस येतो तेव्हा स्वतःही, हॉबिटांनी पिढ्यानपिढ्या राखलेल्या त्याच मोठ्या पुलाशी थांबून मित्रांना भेटतो. सत्तेने स्वतःवर घातलेली अशी मर्यादा हेच सुराज्याचे लक्षण आहे, ही त्यांची धारणा आजही मोलाची आहे. म्हणून फँटसीकडे वास्तवापासून पळवाट म्हणून पाहणे अन्यायाचे ठरेल. कल्पित राजधानीला तिच्या अन्नदात्यांचा हिशेब विचारायला शिकलेला वाचक तोच प्रश्न खऱ्या राजधानीलाही विचारू शकतो, आणि या साहित्याचे सर्वांत मोठे देणे हेच आहे.